अक्कांची कोरडी मोरी

प्लंबरच्या पिशवीत पान्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आपण मोरीत वाकून पाना फिरवत असतो तोवर घरचं माणूस शेजारी उभं राहून सगळं सांगून मोकळं होतं. आता आमच्या धुळ्यातल्या या अक्काच घ्या.

अक्का एकट्या राहतात. मागच्या मोरीत वॉशिंग मशीन. एकदा तिचा पाइप सुटला, पाणी स्वयंपाकघरात आलं आणि अक्का घसरल्या, थोडक्यात वाचल्या. पुण्याच्या मुलानं मला फोनवर सांगितलं, वाटेल ते करा, पण मोरीबाहेर थेंब यायला नको.

मी अक्कांना सहज विचारलं, मुलगा रोज फोन करत असेल ना?

"काम ऱ्हायनं तं करस," म्हणाल्या. म्हणजे कामापुरता. आणि चहा टाकायला उठल्या. मला ते लागलं.

*

फरशी नव्यानं बसवायचं काम सलीमभाईंकडे. लेव्हलपट्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, ते लिंबू सोडतात. लिंबू जाळीकडे गेलं की ढाळ बरोबर. जुन्या फरशीवर सोडलं, तर ते ऐटीत स्वयंपाकघरात गेलं, थेट फ्रिजखाली! अक्का म्हणाल्या, तपासा कितीही वेळा, पण लिंबू परत द्या, खिचडीवर पिळायचंय.

*

नवी फरशी बसली. जाळी बुजवून मोरीत चार बोटं पाणी भरून ठेवलं. दिवसभर पाणी उतरलं नाही, तर गळती नाही. दुसऱ्या दिवशी बघतो, तर मोरी कोरडी ठणठणीत! सलीमभाईंचा चेहरा पडला. बिचाऱ्यांनी फरशी फोडायला छिन्नीही काढली.

तेवढ्यात अंगणात दोरीवर ओल्या गोधड्या दिसल्या. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एवढं पाणी नुसतं पडून राहिलेलं अक्कांना बघवलं नव्हतं. धुणं झाल्यावर त्यांनी फरशीसुद्धा पुसून ठेवली होती.

*

मग मुलानं अलार्म पाठवला. मोरीच्या फरशीवर पाणी पडलं की त्याच्या मोबाइलवर वाजणार.

पण आमच्याकडे पाणी कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून लोक नळ उघडाच ठेवतात, धार वाजली की भरायला धावतात. अक्कांचाही मोरीतला नळ उघडाच. पाणी धुळ्यात आलं आणि अलार्म पुण्यात वाजला. मुलगा मीटिंगमधून उठला आणि फोन केला, "आई, पाणी आलंय बघ. हळू जा."

पुढे दर पाण्याच्या दिवशी हेच. गल्लीतल्या बायका अक्कांनाच विचारायला लागल्या, पुण्याहून फोन आला का, हंडे काढायचे का?

*

मला वाटलं, पोराला उगाच त्रास. मी नळाचा पाइप थेट टाकीत सोडला आणि वर फ्लोट बसवला. टाकी भरली की पाणी आपोआप बंद. फरशीवर थेंब नाही. मी स्वतःवरच खूश.

पंधरा दिवसांनी अक्कांनी बोलावलं. मी पिशवी घेऊन पोचलो, सगळे सांधे हात लावून पाहिले. सगळं कोरडं होतं. अक्का मोरीच्या उंबऱ्यावर मोबाइल हातात घेऊन बसल्या होत्या.

"भाऊ, बठ्ठं कोरडं शे," त्या म्हणाल्या. "जरासं गळू दे."