आरशाचं तोंड भिंतीकडे

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, शिवणकाम करतात आणि मासे वाढवतात. शिवणाचं कौतुक केलं तर नुसती मान हलवतात. माशांचं केलं तर चहा ठेवतात.

फायटर माशाचा नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं करतो. मादीची अंडी एकेक उचलून त्यात ठेवतो, खाली पडली तर पुन्हा वर नेतो. मादीला लगेच बाहेर काढावं लागतं, नाहीतर तिची खैर नसते. ताईंचा नर गडद निळा, परांना पांढरी कड, जणू पायपिंग लावलेली. हा रंग त्यांनी वर्षानुवर्षं जोड्या लावून, पिल्लं निवडून जमवलेला. असा मासा कुठल्या दुकानात मिळायचा नाही, हे मी सांगते, आणि मला मासे आवडतसुद्धा नाहीत.

पण त्या रंगाचा आता हा एकच नर उरला होता, तोही म्हातारा. आणि लागोपाठ दोनदा त्याने अंडी गिळली. मासे विकणाऱ्याने सांगितलं, याला चटक लागलीय, नाद सोडा. ताईंचा चेहरा इतका उतरला की मी त्या दिवशीचं भांडण पुढे ढकललं.

पुन्हा अंडी आली, तेव्हा गाण्याच्या बाई ताईंकडे शिवायला दिलेला कार्यक्रमाचा पोशाख घालून बघायला आल्या होत्या. शिवणाच्या खोलीत फडताळात माशाची काचेची पेटी, आणि समोर नव्यानेच घेतलेला चाकांचा आरसा. बाईंनी तो जरा ओढला मात्र, म्हातारा घरटं सोडून कल्ले फुगवत काचेवर धडका मारायला लागला. ताईंच्या तोंडातल्या टाचण्या तोंडातच राहिल्या. त्याला आरशात दुसरा नर दिसत होता. परका घरात शिरला असं वाटून तो बिथरायचा आणि अंडी स्वतःच संपवायचा.

ताईंनी आरशाचं तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, पेटीवर कापड टाका की. पण फडताळ एकाच बाजूने उघडं. ती झाकली तर अंधारात पडलेली अंडी त्याला सापडणार कशी?

"मग मी कशी दिसते ते मला कळणार कसं?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

"मी सांगते ना," ताई म्हणाल्या. "डावा खांदा उतरलाय, तो उचलते. बाकी छान दिसताय."

बाई हिरमुसल्या, पण थांबल्या. दुसरी एक जण कापड परत घेऊन गेली. दारात समजूत घालायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. माशाला पिल्लं व्हायचीत म्हणून आरसा बंद आहे, हे न हसता सांगून बघा. शेवटी वैतागून मी एकीला सुनावलं की आमच्या ताईंची नजर आरशापेक्षा सरळ आहे. ताईंनी ते आतून ऐकलं, आणि मशीन क्षणभर थांबलं.

मग एका सकाळी घरट्याखाली दोऱ्याच्या कातरणाइतकी पिल्लं लोंबताना दिसली. ती आडवी होऊन मोकळी पोहायला लागली, तेव्हा ताईंनी म्हाताऱ्याला वाटीने उचलून दूरच्या बरणीत सोडलं. त्याच्या पोटात एक अंडंही गेलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की मी पेटीसमोर उगीच उभी राहिले.

ताईंनी आरसा फिरवला आणि आधी स्वतःच त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. केस सारखे केले, मान ताठ केली. मग आरशाकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

"सांग गं, कशी दिसते मी?"

"एकही खांदा उतरलेला नाही, ताई," मी म्हटलं.