नऊ नंबरचे दोन मानकरी

तिकीट खिडकीच्या टेबलाखालून आधी ऑरेस्ट हनाट्युकचं कण्हणं बाहेर आलं, मग गुडघे, आणि बऱ्याच वेळाने स्वतः ऑरेस्ट. कॅनडात सस्कॅचवानमधल्या त्या गावच्या आइस रिंकवर संगणकांचं काम त्याच्या गळ्यात पडायला कारण एवढंच, की कधीकाळी त्याने एका प्रिंटरला थापटी मारली आणि प्रिंटर चालू झाला. त्या थापटीची शिक्षा तो अजून भोगत होता.

उद्या सकाळी पोरांची बर्फावरच्या हॉकीची स्पर्धा. आणि इकडे तिकिटांचा संगणक सुरू केला की कँटीनचा नेटवर्कवरून गळायचा, कँटीनचा जोडला की तिकिटांचा. केबल बदलून झाली, भिंतीवरचा नेटवर्कचा डबा बंद-चालू करून झाला. पडद्यावर एक सूचना यायची. ती मात्र ऑरेस्ट न वाचताच मिटवायचा.

"अरे, वाच तरी एकदा ती!" कँटीनवाली व्हर्ना बटाट्याच्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, कांद्यावर परतता परतता ओरडली.

ऑरेस्टने चष्मा शोधला. "म्हणतोय, याच पत्त्यावर दुसरा संगणक आहे."

रिंकवरच्या प्रत्येक संगणकाला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता लागे. पुढचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. तो वाटताना ऑरेस्टने फार डोकं चालवलं नव्हतं, सरळ हॉकीच्या जर्सीचे नंबर दिले होते. ऑफिसला सेक्रेटरीचा चौदा, गुणफलकाला जुन्या गोलकीपरचा एकतीस. या गावात माणसाचं नाव विसरतात, नंबर नाही. तिकीट खिडकीला अर्थातच स्वतःचा नऊ.

"व्हर्ना, तुझ्या मशीनला पत्ता कोणी घातला?"

"मीच. तुला किती निरोप धाडले! तुझं आपलं आज गुडघा, उद्या कंबर."

"आणि शेवटचा आकडा कुठला घातलास?"

"माझाच. नऊ."

"नऊ माझा आहे, बाई! भिंतीवर संघाचा फोटो आहे."

"मुलींच्या संघाचा फोटो तुम्ही लावला नाहीत, म्हणून आम्ही खेळलोच नाही का रे?"

ऑरेस्ट खुर्चीत बसला. स्केट्स नातवाला देऊन झाल्या होत्या, गुडघे डॉक्टरला. या इमारतीत त्याचा म्हणावा असा तेवढा नऊच उरला होता, तोही कोणाला न दिसणारा.

"किती गोल केलेस गं?"

"शेवटच्या वर्षी बावीस. तू?"

ऑरेस्टने आपल्या अख्ख्या कारकिर्दीतले चार गोल आठवले. त्यातला एक स्वतःच्याच गोलमध्ये गेलेला. त्याने पत्त्याची चौकट उघडली आणि नऊ खोडला.

"आता काय घालतोयस?"

"एकसष्ट."

"एकसष्ट नंबरने आपल्याकडे कोण खेळलंय?"

"मी. ऑक्टोबरातल्या वाढदिवसापासून. पार दमलोय, पण बदली खेळाडू कोणी येत नाही."

दोन्ही पडदे एकदमच जागे झाले, आणि जागेच राहिले. व्हर्नाने पेरोगींची बशी त्याच्यासमोर आदळली, वर आंबट सायीचा मोठा गोळा टाकला आणि हात पुढे केला.

"कार्ड काढ. मशीन चालतंय का बघू दे."