वापरून बसेल

मी कपडे शिवते. तीस वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून माझं मशीन आहे. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे दिसतात, आणि कुणाचा खांदा उतरता आहे, कुणाची पाठ पुढे आली आहे, हे मी बसल्या जागी सांगू शकते. निदान तसा माझा समज होता. त्या समजाला कधी टेप लावून बघावी असं काही मला वाटलं नाही.

शिवण मला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाईंचं मशीन पडून होतं आणि मी रिकामी होते, एवढंच. पहिला शर्ट शिवला तो आमच्या ह्यांचा. ह्यांचं काम पाण्याचे मीटर वाचायचं; दिवसभर दारोदार पायी फिरायचं. त्या शर्टाची डावी बाही मी उजवीकडे लावली आणि उजवी डावीकडे. मला ते कळलं नाही. ह्यांना कळलं, पण बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आले तेव्हा दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, जणू दोन्ही काखांत एकेक कलिंगड आहे. तीन घरांत लोकांनी खांदा निखळला का म्हणून चौकशी केली होती. बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा खोल असते, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढचंही सगळं असंच. अस्तर आधी पाण्यातून काढून घ्यायचं असतं, हे मला एका आक्रसलेल्या कोटाने शिकवलं. मखमलीवर सरळ बाजूने इस्त्री फिरवायची नसते, हे एका पडद्याने. त्या पडद्यावरचा इस्त्रीचा ठसा आमच्याच घरात आठ वर्षं लटकत होता, कारण गिऱ्हाईकाने तो घ्यायला नकार दिला. चुकत-माकत हात बसला. मग मात्र माझ्या डोक्यात शिरलं की आता चुका संपल्या. टेप गळ्यात असायची, पण ती डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखी, दिसायला. माणसाकडे एकदा वर-खाली बघायचं आणि कापड बेतायचं. कुणी म्हणालं, "जरा काचतंय हो," तर माझं उत्तर ठरलेलं असायचं: "चार दिवस घाला. वापरून बसेल." माणसं कपडा घेऊन जायची आणि तक्रार करायला परत यायची नाहीत. यावरून मी खुशाल मानलं की कपडे बसत असणार.

मग एक्कावन्नाव्या वर्षी मला सायकल शिकायची हुक्की आली.

त्याला कारण माझी नणंद. वन्सं माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. पोहतात, झाडावर चढून फांद्या छाटतात आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून सायकलवर आमच्याकडे येतात. दारात उतरल्या की घंटी वाजवतात आणि मी खिडकीतून बघते. एक दिवस अशाच आल्या, तर त्यांना धापसुद्धा लागलेली नव्हती. मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाल्या, पाणी तूच पी, तुझाच चेहरा दमलेला दिसतोय. मला ते लागलं. रात्रंदिवस खुर्चीत बसून माझे गुडघे खरोखरच कुरकुरायला लागले होते.

दुसऱ्याच दिवशी मी सायकलच्या दुकानात गेले. ह्यांनी सांगितलं होतं की ताईला सोबत ने. पण वन्संच्या देखत शिकाऊ म्हणून उभं राहायचं मला नको होतं. दुकानात चाळीसेक सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी एक हिरवी निवडली. का, तर ती हिरवी होती. कोटाच्या कापडात असा रंग मला वीस वर्षांत मिळाला नव्हता. सायकलवाले म्हणाले, आधी तिच्यावर टांग टाकून उभ्या राहून बघा, उंची कळेल. मला अजून सायकल येत नाही, हे त्यांना सांगायची लाज वाटली. म्हणून मी म्हणाले, "मी शिवणकाम करते. माप मला नजरेने कळतं." त्यांनी बिचाऱ्यांनी पावती केली.

घरी आणून सीटवर बसले तर माझे पाय हवेत. ह्यांनी मागून घट्ट धरलं होतं म्हणून मी वर होते. अंगठा ताणला तर एका बाजूला जमीन कशीबशी लागायची, तीही सायकल कलंडायला लागली की. मी तावातावाने सायकल घेऊन परत दुकानात गेले. त्यांनी सीट जितकी खाली जाते तितकी खाली केली, हात पुसले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "सवय होईल, ताई. वापरून बसेल."

ते वाक्य माझं होतं. शब्द माझे, सूरही माझा, मान किंचित कलती करण्याची लकबसुद्धा माझीच. समोरून ऐकायला ते किती वाईट लागतं, याची मला कल्पनाच नव्हती. पण त्या दिवशी मी तेवढ्यावरच थांबले. सायकल ढकलत घरी आणली आणि स्वतःला सांगितलं, होईल सवय.

आमच्या मागच्या रस्त्याला फर्निचरचं एक गोदाम आहे. रविवारी ते बंद असतं आणि त्याचं आवार रिकामं. तिथे माझं शिक्षण सुरू झालं. हे मागून सीट धरून पळायचे. हे म्हणायचे पुढे बघ, आणि मी चाकाकडे बघायचे, कारण चाक कुठे चाललंय हे चाकाकडेच बघून कळणार, असं मला वाटायचं. पहिल्या रविवारी मी कुंपणाच्या झुडपात गेले. दुसऱ्या रविवारी ब्रेक दाबायच्या ऐवजी घंटी वाजवत, ट्रिंग ट्रिंग करत त्याच झुडपात गेले. तिसऱ्या रविवारी मी अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांत कापूस भरून गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या शिवल्या. गाद्या सुरेख झाल्या होत्या, कडेला दुहेरी टीप वगैरे. पण गुडघा वाकेना, पेडल फिरेना आणि मी जागच्या जागी आडवी झाले. लागलं मात्र नाही, हे खरं.

चौथ्या रविवारी ह्यांनी हात टेकले. म्हणजे पायरीवर बसले आणि म्हणाले, आठवडाभर मीटर वाचताना पाय दुखत नाहीत इतके आज दुखतायत. मग ह्यांनीच मला न विचारता वन्संना बोलावलं.

वन्संनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, पेडलं काढून टाक. नुसती बस आणि पायांनी जमीन रेटत चल. तोल सावरता आला की पेडलं लाव. लहान मुलं अशीच शिकतात."

"वन्सं," मी म्हणाले, "पाय जमिनीला लागतच नाहीत."

त्यांनी सायकलकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. "मग ही घेतलीस कशाला?"

हिरवी होती, असं सांगायचं धैर्य मला झालं नाही. हे मात्र तिकडे तोंड फिरवून खोकल्यासारखं करत होते.

सोमवारी मी तिसऱ्यांदा त्या दुकानात गेले आणि सरळ सांगून टाकलं की मला सायकल येत नाही, ही मी रंग बघून घेतली आणि मला बदलून हवी आहे. एवढं बोलायला घरून निघाल्यापासून मनात घोकत गेले होते. सायकलवाले हसले नाहीत. त्यांनी मला एकेका सायकलीवर बसवलं. एकीवर पाय टेकले पण गुडघे हँडलला लागले. दुसरीवर पाठ ताणली गेली. तिसरी बरी वाटली, तर ते म्हणाले, नुसती बरी नको, अजून बघा. पाचवी मिळाली ती तपकिरी, पुढे टोपली असलेली, शाळकरी मुलीची असावी अशी. तिच्यावर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. या सगळ्याला तासभर गेला. एका माणसाने माझ्या मापासाठी तासभर घालवला, आणि मी गेली कित्येक वर्षं लोकांना एका नजरेत उरकत होते.

ती तपकिरी सायकल ढकलत मी परत येत होते. वाटेत संगीतशाळा लागते. तिची खिडकी उघडी होती आणि आत व्हायोलिनचे मास्तर मुलांना शिकवत होते. मास्तर म्हणजे अतिशय टापटिपीचा माणूस, बुटाची नाडीसुद्धा दोन्हीकडे सारखी. थंडी चांगलीच होती. मास्तरांच्या अंगात जुना स्वेटर होता आणि मी दोन वर्षांपूर्वी शिवलेला करडा कोट खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. दोन वर्षं झाली तरी त्या कोटाची घडी मोडलेली नव्हती. घातलेला कोट कोपरात चुरगळतो. हा कोट नुसता बरोबर आणला जात होता.

मला आठवलं, कोट न्यायला आले तेव्हा ते हात वर करून काहीतरी म्हणाले होते, आणि मी काय म्हणाले होते तेही आठवलं. मी सायकल भिंतीला लावली, वर्ग सुटेपर्यंत थांबले आणि आत जाऊन विचारलं, कोट का घालत नाही?

मास्तर इतके अवघडले की मलाच त्यांची दया आली. छे छे, घालतो की, म्हणाले. मग कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हात वर नेला की सगळा कोट वर येतो," ते म्हणाले. "कॉलर कानाला लागते. तुम्ही मनापासून शिवलेला. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मी कोट घेऊन घरी आले आणि त्याच दुपारी उसवायला बसले. इथे माझं शहाणपण पुन्हा उफाळून आलं. काखेत काचतंय तर काखेचा मुंढा खोल कापायचा, साधी गोष्ट आहे, असं म्हणून मी दोन्हीकडे बोटभर खोल कापला. मास्तरांना बोलावलं, कच्च्या टाक्यांवर कोट चढवला आणि म्हटलं, व्हायोलिन घेऊन वाजवा. त्यांनी गज लावायला हात उचलला आणि कोट पूर्वीपेक्षा चार बोटं जास्त वर आला. मुंढा जितका खोल तितकी बाही हाताला खाली ओढून धरते, हे तीस वर्षं शिवण करणाऱ्या बाईला तेव्हा समजलं.

दुसऱ्या खेपेला पाठ रुंद केली. हात छान वर गेला. पण हात खाली घेतल्यावर मास्तर पोत्यात उभे असल्यासारखे दिसायला लागले. आरशात बघून ते म्हणाले, चालेल की. मी म्हटलं, मास्तर, चालेल म्हणू नका, याच शब्दाने घात केलाय.

तिसऱ्या खेपेला मी पाठ पूर्ववत केली, आणि कापून घालवलेल्या जागी काखेत एक लहानसा तिरका तुकडा जोडला, आडव्या धाग्याचं कापड घेऊन, म्हणजे हात उचलला की तो उघडेल आणि खाली आणला की घडी होऊन आत जाईल. मी आरशाजवळ उभी राहिले. मास्तरांनी एक छोटी धून वाजवली, मग आणखी एक, मग मला वाटतं ते कोट विसरले. कॉलर जागची हलली नाही. मी कच्चे टाके मोजत उभी होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा सुईचा डबा शोधायला म्हणून आत गेले.

मास्तरांनी ही गोष्ट गावभर केली. वाईट हेतूने नव्हे, कौतुकानेच. म्हणाले, बाई आता विचारतात. त्याचा असा परिणाम होईल हे मी धरलं नव्हतं. पंधरा दिवसांत माझ्या पुढच्या खोलीत कपड्यांचा डोंगर झाला. पोस्टातल्या कारकुनांची खाली बसलं की श्वास अडणारी पँट. पाववाल्यांच्या बायकोचा फ्रॉक, जो घालायला दोन माणसं लागायची आणि काढायला तीन. सगळे माझेच कपडे, सगळे माझ्याच हातचे, आणि सगळे वर्षानुवर्षं कपाटात निमूट बसलेले. दोन महिने मी नवीन काम घेऊ शकले नाही. रोज सकाळी मशीनवर बसायचं आणि स्वतःला उसवायचं.

आलेल्यांत एक नर्सबाई होत्या. त्यांच्या झग्याचा खिसा मी इतका वर लावला होता की त्यात हात घालायला कोपर खांद्याच्या वर न्यावं लागायचं. मी म्हटलं, अहो, तेव्हाच सांगायचं नाही का?

"सांगितलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तुमचे हात लांब आहेत."

मी खिसा खाली घेतला. कुठे लावायचा ते त्यांच्याच बोटांनी खडूने आखून घेतलं, दोनदा पुसून.

सायकल मला त्याच सुमारास आली. पेडलं काढून दोन रविवार, लावून तीन. आता मी दर रविवारी वन्संकडे जाते. डावीकडे वळता येतं. उजवीकडे वळणं अजून जमत नाही, आणि त्यांच्या घरी जायला वाचनालयाच्या चौकात नेमकं उजवीकडे वळावं लागतं. म्हणून मी चौक ओलांडून सरळ पुढे जाते, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळते, आणि त्याच चौकातून आडवी पार होते. तिथला पेपरवाला मला पाच मिनिटांत दोनदा जाताना बघतो. पहिल्यांदा तो मान हलवतो. दुसऱ्यांदा पेपर तोंडासमोर धरतो. वन्संनी एकदा विचारलं, इतका वेळ का लागतो? मी खरं ते सांगितलं. त्या हसून हसून खुर्चीत बसल्या आणि मग म्हणाल्या, चहा घे, मग चौकापर्यंत मी येते बरोबर, उजवीकडे वळायचं बघू या.