वर राहायचं की परत यायचं

ह्यांना आल्प्स बघायचे होते. आम्ही ते इतकी वर्षं पुढे ढकलले, की पुढे ढकलणं हाच त्या विषयावरचा आमचा संवाद होऊन बसला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इंग्लंडात रीडिंगला आलो. ह्यांची नोकरी स्लाउला, एका कॉम्प्युटर कंपनीत. रोज ट्रेनने जायचं, ट्रेनने यायचं. वर्षभर सुट्टी साठवायची आणि पुण्याला जायचं. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासाठी, मग माझ्या वडिलांच्या आजारपणासाठी, मग कुणाकुणाच्या लग्नासाठी. विमानाने हाकेच्या अंतरावर असलेले डोंगर राहून जायचे.

"रिटायर झालो की जाऊ," हे म्हणायचे. "पण नुसतं शिवून यायचं नाही हं. वर एखाद्या गावात मुक्काम करायचा. संध्याकाळ बघायची आणि सकाळ बघायची. दुपारचा डोंगर काय, सगळेच बघतात."

रिटायर ते फार लवकर झाले.

पहिल्यांदा काहीतरी बिघडलंय हे कळलं ते एका संध्याकाळी रीडिंगच्या कितीतरी पुढच्या स्विंडन स्टेशनातून फोन आला तेव्हा. तुमचे मिस्टर इथे आहेत, त्यांना कुठे जायचंय ते सांगता येत नाहीये, असं तिथला माणूस म्हणाला. मी गाडी घेऊन गेले. हे बाकावर ब्रीफकेस मांडीवर घेऊन बसलेले, एखाद्या मुलाखतीला आल्यासारखे. वाटेत मला हसत म्हणाले, "अगं, झोप लागली नव्हती. रीडिंगचा प्लॅटफॉर्म दिसला मला. नावही वाचलं. पण इथे उतरायचं असतं, हे काही डोक्यात आलं नाही." मीही हसले. थकवा असेल, म्हटलं.

मग ऑफिसात स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम त्यांना वाचता येईना. वरिष्ठांनी समजुतीने घेतलं, मग सोपं काम दिलं, मग निरोपाचा केक कापला. पंचावन्नही पूर्ण झालेले नव्हते. तपासण्या झाल्या. हॉस्पिटलातला कन्सल्टंट भला माणूस होता, पण ह्यांच्याबद्दल सगळं तो माझ्याकडे बघून बोलला. हे शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. हळूहळू सगळंच जाईल, यावर औषध नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. आम्ही गाडीने परत निघालो. मग हे म्हणाले, "मला कळलं बरं का, ते काय म्हणाले ते."

मी गाडी बाजूला घेतली. रडायचं होतं, पण रडू आलं नाही. नुसता वायपर चालू राहिला.

आल्प्सचा विषय मुलीने काढला. ती इथेच वाढलेली, साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. शनिवारी घरी आली की सगळं हातात घ्यायची. "आता नाही गेलो तर कधीच नाही जाणार," ती म्हणाली. तेवढ्यावर आमचं एकमत झालं. पुढे मात्र अडलं.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही बसलो होतो. हे मेथी निवडत होते. ते काम त्यांना अजून छान जमायचं.

"आई, डे ट्रिप इज सेन्सिबल," मुलगी म्हणाली. "खाली इंटरलाकेनला हॉटेल घ्यायचा. सकाळी छोट्या ट्रेनने वर गावात जायचं, तिथे लंच, आणि संध्याकाळी परत त्याच बेडवर. नवीन खोलीत बाबा कन्फ्यूज होतो. तो रात्र वर कसा काढणार आपण?"

"ती रात्र कशी काढणार," मी सवयीने म्हटलं.

"ओके, ती रात्र. बट यू नो आय ॲम राइट."

तिचं बरोबरच होतं. घरातसुद्धा हे उठून बाथरूम शोधत फिरायचे. घरी भेटीला येणाऱ्या नर्सनेही बजावलं होतं, एकच खोली, एकच पलंग, दिव्याचं बटण एकाच जागी. पण माझ्या मनात ह्यांचं ते संध्याकाळ-सकाळ घर करून होतं. एवढं आयुष्य काढून एक मुक्कामही नशिबात नसावा? मी म्हटलं, "एकच रात्र तर आहे. मी जागी राहीन."

"आणि नेक्स्ट डे? तू नाही झोपलीस तर तुला कोण बघणार?"

"मी इथेच बसलोय," हे म्हणाले.

हातातली काडी बाजूला ठेवून ते म्हणाले, "मला वर राहायला आवडेल." मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "पण ठरवा तुम्ही दोघी. मला काय, दोन्ही नवंच."

आम्ही डे ट्रिप ठरवली. ह्यांना सांगितलं, तर "बरं" म्हणाले आणि पुन्हा मेथी ओढून घेतली.

जूनमध्ये स्वित्झर्लंडला गेलो. खाली तळ्याकाठच्या हॉटेलात पहिले दोन दिवस बरे गेले. वर जायच्या दिवशी हे सकाळपासून खुशीत. दात्यांच्या रुळावरून चढणारी ती छोटी गाडी त्यांना फार आवडली. इंजिन कसं दाते पकडतं हे मुलीला समजावून सांगायला लागले, मध्येच शब्द सापडेना तेव्हा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. मुलगी म्हणाली, "येस बाबा, कळलं."

वरचं गाव म्हणजे लाकडी घरांची एक तिरपी वस्ती. मोटारी नाहीत. गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज सगळीकडून यायचा आणि गाई मात्र दिसायच्या नाहीत. समोर जिथे मोठी शिखरं असायला हवी होती, तिथे नुसता ढग होता, पांढरा आणि जाड. आम्ही सूप आणि ब्रेड खाल्ला. वाटेवरून चाललो. हे दर थोड्या वेळाने थांबून ढगाकडे बघायचे.

"उघडेल," ते म्हणायचे.

उघडला नाही. उन्हं कलली तेव्हा आम्ही स्टेशनवर आलो. गाडी उभी होती. मुलगी आधी चढली, मी ह्यांचा हात धरला. हे हलेनात.

"चला ना. गाडी सुटेल."

"मी नाही येत."

"अहो, आपलं हॉटेल खाली आहे. तुमची औषधं खाली आहेत."

"असू देत."

मुलगी उतरली, तिने दुसरा हात धरला, कामावर पेशंटला उठवते तसा, काखेखालून. ह्यांनी तो झटकला. इतक्या जोरात, की ती मागे जाऊन खांबाला आपटली. डब्यातली माणसं बघायला लागली. आयुष्यात ह्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. हे स्वतःच घाबरले आणि बाकावर जाऊन बसले. गाडी सुटली. मग आणखी एक आली, तीही गेली.

मुलगी प्लॅटफॉर्मच्या टोकाला पाठ करून उभी होती. मी ह्यांच्याजवळ बसले.

"उद्या परत येऊ," मी म्हटलं. खोटंच होतं. परतीचं विमान उद्याचं होतं.

"अगं, तुला कळत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, ऑफिसच्या दिवसांतला. "तू खाली गेलीस तरी हे तुझ्याकडे राहतं. मी खाली गेलो की गेलं. आलो होतो हेसुद्धा जाईल. इथे बसलोय तेवढंच माझ्याकडे आहे."

आजाराबद्दल इतकं स्वच्छ ते आधी कधी बोलले नव्हते, पुढेही नाहीत. मी उठून मुलीकडे गेले आणि म्हटलं, "राहायचं इथे." ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने नुसतं नाक पुसलं आणि खोली शोधायला गेली.

स्टेशनजवळच एका म्हाताऱ्या बाईचं छोटं हॉटेल होतं. आमच्याकडे सामान नाही, हे पाहून तिने काही विचारलं नाही. टूथब्रश दिले, ह्यांच्यासाठी कुणाचा तरी जुना लोकरी स्वेटर आणून दिला. आमच्या खोलीला लाकडी बाल्कनी होती. मुलीला शेजारची खोली मिळाली.

आणि जेवणाआधी ढग उघडला. सावकाश नाही, एकदम, कुणी पडदा ओढावा तसा. समोर केवढी तरी मोठी बर्फाची भिंत, तांबूस. हे कठडा धरून उभे राहिले. "अगं," ते म्हणाले. "अगं, बघ." माझा हात घट्ट धरला. मुलगीही आली. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत तसेच उभे होतो. आयुष्यात त्या संध्याकाळइतकं सुख मला कशानेच दिलेलं नाही. आपण योग्य केलं, असं वाटलं.

जागी राहायचं ठरवलं होतं, तरी पहाटे माझा डोळा लागला. उजाडताना जाग आली तर पलंग रिकामा. धावत बाल्कनीत गेले. हे तिथेच होते. कोट घातलेला, बटणं नीट लावलेली, केस विंचरलेले. शिखराच्या टोकाला नुकतं ऊन लागत होतं.

माझी चाहूल लागली तसे वळले आणि अदबीने बाजूला सरकले.

"या ना," म्हणाले. "तुम्ही इथल्याच का?"

मला चेष्टाच वाटली. तसं बोलून मला हसवायची त्यांची जुनी खोड होती. मी हसले. ते हसले नाहीत. परक्या बाईशी बोलताना ते नजर थोडी खाली ठेवायचे, तशी ठेवून म्हणाले, "मराठी कळतं तुम्हाला, बरं झालं. माझी मिसेस खाली राहिली बहुतेक. तिला हे दाखवायचं होतं मला. तुम्ही खाली जाणार असाल तर तिला निरोप सांगाल?"

"काय सांगू?"

"मी वर आहे म्हणावं. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.

ते पुन्हा डोंगराकडे बघायला लागले. मी तिथेच उभी राहिले, मधे परक्या माणसांत ठेवावं तेवढं अंतर ठेवून. ऊन हळूहळू खाली उतरत होतं. फार सुंदर होतं. मला त्या डोंगराचा तिटकारा आला.

थोड्या वेळाने मुलगी आली. तिला बघताच ह्यांचा चेहरा उजळला. "आलीस? बघ, सकाळ बघ," असं तिला म्हणाले. तिला ते ओळखत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला न सांगताच कळलं. रडू आवरत ती बापाच्या खांद्याला टेकून उभी राहिली. त्या क्षणी मला तिचाही मत्सर वाटला.

उतरताना हे अगदी शहाण्यासारखे गाडीत बसले. खिडकीची जागा मला दिली. "तुम्ही बसा, मी कडेला बसतो."

"डे ट्रिप केला असता तर..." मुलगी म्हणाली.

"तर खाली झालं असतं," मी म्हटलं. पुढे कन्सल्टंटही तेच म्हणाला. जागेचा दोष नाही, कधीतरी होणारच होतं. हे ऐकून कुणाला बरं वाटत असेल? मला वाटलं नाही.

दुपारी हॉटेलातून सामान घेऊन निघताना तळ्याकाठी हे अचानक म्हणाले, "अगं, भूक लागली." मी इतकी हरखले, की भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. म्हणजे परत येतात माणसं, असं मनाशी धरून मी रीडिंगला आले. पुढचे कित्येक महिने त्या आशेवर काढले. पण येणं कमी होत गेलं आणि जाणं लांबत गेलं. आल्प्सबद्दल एकदा विचारलं, तर म्हणाले, "आम्हाला जायचंय. रिटायर झालो की."

नंतर मला एकटीला झेपेना. जिना उतरताना ते पडले, मी त्यांच्याखाली आले, माझं मनगट मोडलं. मुलीने आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं, मी फक्त मान हलवली. रीडिंगच्या बाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं. मी रोज जायचे, डब्यात मऊ भात घेऊन. तिथल्या नर्सला ते इंग्रजीत सांगायचे, ह्या बाई फार चांगल्या आहेत, रोज येतात. पुढे इंग्रजी गेलं. मराठी राहिलं, ते तिथे फक्त मलाच कळायचं. "तुम्ही जेवलात का?" असं मला विचारायचे. "उशीर होईल तुम्हाला, घरी वाट बघत असतील."

मी "हो, निघते," म्हणायचे आणि कोट हातात घेऊन दाराशी घुटमळायचे. एकदा, चुकून का होईना, "अगं" म्हणतील, असं वाटायचं.

नव्वदचं दशक संपता संपता, एका हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. मुलगी माझ्या आधी पोचली होती. पलंगाजवळ उभं राहून तिने मला विचारलं, "शेवटी काही बोलला का तो, काल?"

"डबा ठेवून जा म्हणाले," मी म्हटलं. "नंतर खाईन म्हणाले."