भाषणाचं घर आणि नानांचा तांब्या

नाशिकहून पिंपळगाव बसवंत म्हणजे एसटीने तासाभराचा रस्ता. त्याला प्रवास म्हणायला जीभ रेटत नाही. पण सोबत माझे सासरे नाना असले की शहरातल्या द्वारका चौकापर्यंत जाणंसुद्धा प्रवासच होतो. खिडकी हवी, मिळाल्यावर ऊन नको, आणि पिशवीत नागलीचे (नाचणीचे) पापड घेतलेत ना, हे तीनदा विचारून झालं.

निघालो होतो तिथलं भाषणाचं घर बघायला. चाळीसएक वर्षांपूर्वी, सीमेवर लढाई पेटलेली असताना, एका मोठ्या पुढाऱ्याने, सगळ्यांच्या साहेबांनी, त्या घराच्या सज्ज्यावरून भाषण केलं. रेडिओने ते इतकं वाजवलं की आमच्या पिढीला पाठ आहे. घराचं आता संग्रहालय झालंय. नाना त्या दिवशी तिथे लाउडस्पीकरवाले होते. ‘माझ्यामुळं ते भाषण गाजलं,’ असं ते दर दिवाळीला सांगतात, आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे फौजी बापूकाका, ‘हो, लढाईपण तुम्हीच जिंकली,’ म्हणून त्यांची खिल्ली उडवतात. आता नानांचे गुडघे गेलेत. जमतंय तोवर तिथे जाऊन आपलं म्हणणं खरं करायचं, हा त्यांचा हट्ट होता.

स्टँडसमोर मिसळ खाल्ली. रश्शाने माझ्या नाकातून पाणी आलं; नानांनी तर्री वाढवून मागितली. कांद्याचे टेम्पो चुकवत घरापाशी पोहोचलो, तर लोडशेडिंग. घर दाखवायला एक निवृत्त गुरुजी असतात. ते म्हणाले, “तोवर खोल्या बघा. भाषणाची टेप लाईट आल्यावर.”

खोल्या छानच ठेवल्यात. साहेबांनी चहा घेतला तो कप काचेत, खुर्ची दोरीमागे. नाना मात्र माईकपाशी अडले. “हा आपला नाय. आपला गोल होता.” गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाईट आले, टेप सुरू झाली. ‘आपली पोरं सीमेवर आहेत...’ पुढे दोन-चार वाक्यं, आणि साहेबांचा आवाज थांबला. ती प्रसिद्ध शांतता.

“इथे साहेबांना गहिवरून आलं,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

“गहिवर कसला? मशीन घूं करायला लागलं होतं. मीच हात वर करून साहेबांना थांबवलं.”

गुरुजींचा चेहरा उतरला. “अहो बाबा, लोक इथे रडतात.”

मग नानांनी समजावलं. तेव्हा मशीनची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधत आणि ती जागा मिठाच्या पाण्याने सारखी ओली ठेवत. माती सुकली की कर्णे घुमायला लागत; पाणी ओतलं की थांबत. “कान देऊन ऐका,” ते म्हणाले. टेप पुन्हा लागली. आणि खरंच, शब्दांच्या मागे बारीकशी घूं, वाढत गेलेली, मग शांतता, मग स्वच्छ आवाज. इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

गुरुजी मात्र जरा घुश्शातच म्हणाले, “मग पाणी आधीच का नाही ओतलं?”

नाना खिडकीशी गेले. खाली खळं (मळणीची जागा) होतं, त्या दिवशी सळई तिथेच ठोकलेली.

“तांब्या हातातच होता,” ते म्हणाले. “पण बापू तिकडं होता ना. महिनाभर पत्र नाय. साहेब म्हणले, आपली पोरं सीमेवर आहेत, आन् मला पुढचं काय दिसंना.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “गहिवर आला होता गुरुजी. तुमचं बरोबर हाय. फक्त साहेबांना नाय, मला.”

गुरुजींनी उठून माठातलं पाणी आणून दिलं. “आता लोकांना काय सांगू?”

“सांगता तेच सांगा. बरं हाय ते.”

परतीच्या एसटीत नानांनी खिडकी मला दिली. ओझर गेल्यावर म्हणाले, “बापूला बोलू नको. डोक्यावर बसंल.”

मी कबूल केलं. पण दिवाळीला बापूकाकांनी पुन्हा खिल्ली उडवली, नाना हसून गप्प बसले, आणि मला ते बघवलं नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून लिहिलंय. नाना पेपराचं पहिलं पान तेवढं वाचतात. बापूकाका रविवारच्या या पुरवणीतली एक ओळ सोडत नाहीत.