नलूने मागितलेली पाचर

या सदरातला प्रत्येक अनुभव ‘माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता’ इथून सुरू होतो, आणि मी दर वेळी चहाचा घोट घेत म्हणायची — झालं, आता हिला पांढऱ्या साडीतली बाई दिसणार! तर... माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता. हसा.

आणि नव्हता म्हणजे किती? मी डोंबिवलीला शाळेत विज्ञान शिकवायची. तेव्हाची मी आठवले की माझंच मला हसू येतं. जाड फ्रेमचा चष्मा, मान ताठ, जणू न्यूटन माझ्या सल्ल्याने चालायचा! शेजारच्या मालूताईंच्या आतल्या खोलीत म्हणे एकदम गार व्हायचं, कोणीतरी आल्यासारखं. मी काय केलं? शाळेतला थर्मामीटर घेऊन तिथे तासभर बसले, आणि बाहेर येऊन सगळ्या चाळीला आकडा वाचून दाखवला. मालूताई बिचाऱ्या हिरमुसल्या. मी विजयी. काय तो तोरा!

आता मी सिंगापूरला, वुडलँड्समध्ये मुलाकडे असते. नाव वुडलँड्स, पण चुलीत घालायला एक काटकी मिळायची नाही. आणि माझी धाकटी बहीण नलू पार उत्तर स्वीडनमध्ये, खऱ्याखुऱ्या जंगलाच्या काठावर. तिचा नवरा बोटीवरचा इंजिनिअर, तिकडचाच. तो गेला तरी ही परत यायला तयार नाही. लाकडाचं घर, घरात लोखंडी शेगडी, आणि शेगडीला लागणारी लाकडं नलू स्वतः कापते. चेनसॉने, साखळीच्या यंत्रकरवतीने. सत्तरीला टेकलेली बाई!

तिथे नियम असा, की चेनसॉ एकट्याने चालवायचा नाही. सोबत कोणीतरी हवं. शेजारी लार्स राहतो, पण तो लांब, आणि नलूला उपकार नकोत. मग तिने तोड काढली — सोबत म्हणून मी! व्हिडिओ कॉलवर. ती फोन बुंध्यावर उभा करायची आणि मी पंख्याखाली गाऊनमध्ये बसून तिच्यावर नजर ठेवायची.

“हेल्मेटची जाळी खाली घे.”

“घेतली.”

“पँट कुठली घातलीयेस? ती धाग्यांची ना?”

या पँटच्या आत लांब लांब धागे भरलेले असतात. साखळी लागलीच तर धागे तिच्यात गुंडाळले जातात आणि सॉ जागच्या जागी थांबतो. पायाऐवजी पँट फाटते.

“हो गं बाई, तीच. तू काय माझी हेडमास्तर आहेस?”

“आहेच. चालताना चेन ब्रेक लाव.”

माझी नात इरा कॉलेजला आहे. ती येता-जाता, इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावत म्हणायची, “आजी इज द चेनसॉ सुपरवायझर लाह!”

मागच्या खेपेला नलू इथे आली तेव्हा तिने मला एक नारिंगी प्लास्टिकची पाचर आणून दिली. झाड कापताना सॉचं पातं अडकू नये म्हणून कापात ठोकतात ती. म्हणाली, “आयुष्यभर माझ्या प्रत्येक कामात पाचर मारलीस ताई, म्हटलं तुला एक हक्काची असू दे.” मी ती माझ्या खोलीच्या दाराखाली सरकवली. इथे पावसाचा वारा सुटला की दार धाडकन आपटतं.

त्या दिवशीही दुपारी असाच पाऊस होता. तिकडे सकाळ. वादळात आडवं झालेलं एक स्प्रूसचं झाड नलू कापत होती. उणे वीसच्या खाली होतं, तिच्या श्वासाची वाफ मला फोनवर दिसत होती. सॉचा आवाज... मग मध्येच वेगळाच, कडाड् असा. फोन उडाला आणि पडदा पांढराफटक झाला. सॉ बंद.

“नलू?”

मी फोन तोंडाशी धरला.

“नलू! ए नलू!”

“ताई...” आवाज खालून, बर्फातून आल्यासारखा. “ओंडका लोळला गं. पाय खाली आहे.”

“मोडलाय का?”

“कळत नाहीये. निघत नाहीये.”

मी इराला हाक मारली. पोरगी धावत आली आणि तिच्या फोनवरून तिने लार्सला गाठलं. “आजी, ही सेज ट्वेंटी मिनिट्स, मेबी मोर. रस्त्यावर खूप स्नो आहे.”

“नलू, लार्स निघालाय. ऐकतेयस? कुऱ्हाड कुठे आहे?”

“कमरेला.”

“आणि पाचरी?”

“स्लेजवर. हात नाही पोचत.”

मी तिला बोलतं ठेवलं. काहीही विचारत होते, शेगडी पेटवून आलीस का, काय खाल्लंस. ती आधी चिडून उत्तरं देत होती. मग नुसतं हं. मग म्हणाली, “आता थंडी नाही वाजत गं.”

थंडी वाजायची थांबते म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

“नलू, झोपायचं नाही! नलू, ऐक—”

“ताई,” ती म्हणाली, “पाचर दे.”

अगदी ताटावरून ‘मीठ दे’ म्हणावं तशी. जशी मी तिच्या शेजारीच बसलेय.

आणि मी उठले. का उठले, विचारू नका. दाराशी गेले, वाकून पाचर ओढून काढली, दार माझ्यामागे धाडकन बंद झालं. गुडघे टेकून फोनसमोर बसले, आणि त्या पांढऱ्या पडद्यासमोर ती पाचर धरली. “घे,” म्हटलं. “घे गं, धरलीय मी.”

मनगटापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात बुडवावा तसं झालं. एकदम. मग फोनमधून आवाज आला — ठक्. आणि त्याच क्षणी माझ्या मुठीतल्या पाचरीवर दणका बसला. कोपरापर्यंत कळ गेली. पुन्हा ठक्. पुन्हा दणका. हात मागे घ्यावा असं वाटत होतं, पण मी सोडली असती तर... मी सोडली नाही, एवढंच.

“आजी,” इरा अगदी हळू म्हणाली, “तुझा हात व्हाइट का झालाय?”

ठक्. लाकूड करकरलं. नलू जिवाच्या आकांताने ओरडली, आणि फोन बंद पडला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते लिहीत नाही. लार्सचा फोन आला तेव्हा नलू त्याच्या गाडीत होती. घोटा मोडला होता, बाकी शाबूत. ती स्वतःच पाय ओढून बाहेर निघाली होती. लार्स मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होता — ओंडका उचललास कशाने? तो खालच्या दगडापासून चार बोटं वर होता, आणि मध्ये काहीही नव्हतं. त्याने पायाने ढकलला तेव्हा कुठे खाली बसला. नलूच्या पाचरी स्लेजवर होत्या तशाच होत्या, त्यांच्यावरचा बर्फही हलला नव्हता.

नलूला विचारलं तर म्हणते, “म्हणजे काय? तू धरलीस, मी ठोकली.”

माझ्या पाचरीच्या डोक्यावर ताजे घाव पडलेत. इराने फोटो काढून ठेवलेत. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले म्हणून पॉलिक्लिनिकमध्ये गेले. तरुण डॉक्टरीणबाईने हात उलटसुलट करून पाहिला. “आंटी, फ्रीजरमध्ये हात घातला होता का? ही थंडीने झालेली इजा आहे.” बाहेर रस्ता उन्हाने तापला होता. मी म्हटलं, हो, मासे काढत होते.

आता माझ्यातल्या त्या चष्मेवाल्या बाईला गप्प कसं बसवणार? ती म्हणते, ओंडका आधीच तोलावर असेल, भीतीने माणसाला बळ येतं. घाव जुने असतील, दार आपटून पडलेले. मूठ घट्ट आवळली की हात पांढरा पडतोच. बरोबर आहे बाई, सगळं बरोबर! प्रत्येक गोष्टीला सुटं सुटं उत्तर आहे. पण फोड? उष्णता तीन तऱ्हांनी जाते — वहन, अभिसरण, प्रारण. वर्गातल्या मुलींकडून घोकून घेतलंय मी. माझ्या बोटांतली उष्णता यातल्या कुठल्या वाटेने स्वीडनला गेली? इराला विचारलं, तर म्हणे, “वायफाय लाह, आजी.”

मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर जरूर कळवा, मी वाद घालायला मोकळीच आहे.

नलूचा घोटा जुळला. तिचा मुलगा घर विक म्हणून मागे लागला होता, तिने त्याला वाटेला लावलं, आणि या हिवाळ्यात पुन्हा सॉ हातात घेतलाय. फक्त एक फरक पडलाय. पूर्वी आदल्या दिवशी विचारायची, “ताई, उद्या बघशील ना?”

आता विचारते, “ताई, उद्या येशील ना?”

मी आधी तिला दोन शिव्या घालते. मग येते म्हणते. आणि इथल्या भर उकाड्यात लोकरीचे हातमोजे घालून बसते.