दिरहमचं बटण

दुकानातल्या पोरीचं बोट कार्डाच्या मशीनवरच्या रुपयांच्या बटणाकडे निघालं आणि मी तिचं मनगट धरलं. मागे रांग खोळंबली. दुबईत नातीसाठी पाळणा घेत होते, कार्ड माझं होतं.

“आई, सोड तिला. रुपये आपल्याला कळतात तरी,” लेक म्हणाली.

“रुपये त्यांनी करून दिले की मधले तेच कापणार. दिरहमच दाबायला सांग, त्याचे रुपये आपली बँक करेल.”

जन्मभर मी धान्याच्या बदल्यात बांगड्या भरल्या. बायकांच्या ज्वारीचा भाव मीच करायचे आणि त्यात माझं सुटायचं. दुसऱ्याची सोय कुणी फुकट बघत नाही.

पोरीने दिरहम दाबलं. बँकेचा मेसेज आला. मशीनने दाखवलेल्या रुपयांपेक्षा सातशे कमी गेले होते. पाळणा घेऊन बाहेर आले ती मी, चौथी शिकलेली कासारीण.